भट्टीजवळच्या माणसाचं म्हणणं

या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीच्या कारखान्यांत हिंडून, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर बसून लिहिली आहेत. प्रस्तावनेसाठी मात्र मी पापनाशमला गेलो. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. तिरुनेलवेलीकडे धरण आणि वीजघर असलेलं आणखी एक पापनाशम आहे, त्याच्याशी याची नेहमी गल्लत होते. हे कावेरीच्या खोऱ्यातलं, चहूबाजूंनी भातखाचरं असलेलं. स्मार्ट कारखानदारीवरच्या पुस्तकाची सुरुवात भाताच्या गावातून कशाला, असं दोघातिघा मित्रांनी विचारलं. त्याचं उत्तर पापनाशमला मिळालं, पण त्यामागचा मूळ प्रश्न कोल्हापुरात पडला होता. म्हणून आधी तिथलं सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीत आम्ही भट्टीपासून ओतकामापर्यंत सगळी मोजमापं पडद्यावर आणणारी यंत्रणा बसवली. बसवणाऱ्यांत मी होतो. रसाचं तापमान, वाळूतला ओलावा, साचा बंद झाल्यापासून रस पडेपर्यंतचा वेळ, सगळं एका मोठ्या पडद्यावर दिसायचं. हिरवं असेल तर चालू ठेवायचं, लाल झालं तर थांबायचं. रात्रपाळीला लेडलवर, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या पळीवर, एक जुना माणूस होता. सगळे त्यांना मामा म्हणत. त्या रात्री मामांनी लेडल तिरका केला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “रस गार हाय. ओठावर साय धरतीया.” सुपरवायझरनं पडद्याकडे पाहिलं. “मामा, तेराशे नव्वद दाखवतंय. ओता तुम्ही.” मामांनी ओतलं. सकाळी साचे फोडले तर पातळ भिंतींच्या जागी रस एकमेकाला भेटलाच नव्हता. फौंड्रीवाले याला कोल्ड शट म्हणतात: दोन बाजूंनी आलेला रस जुळण्याआधीच गोठतो आणि मध्ये केसाएवढी फट राहते. पाळीचा सगळा माल परत भट्टीत गेला. नंतर कळलं, थर्मोकपलच्या जोडणीत दोष होता आणि पडदा रात्रभर चुकीचा आकडा दाखवत होता.

इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. परत गेलेला माल म्हणजे ती वीज दुसऱ्यांदा भरायची, साच्याची वाळू पुन्हा चाळायची, कोअर नव्याने करायचे, आणि त्या माणसांची रात्र फुकट. कारखान्याचा कार्बन मोजणारे तक्ते मी खूप पाहिलेत. ‘मामांचं ऐकलं नाही’ असा रकाना एकाही तक्त्यात नाही.

यंत्र चुकलं याचं मला फार वाटलं नाही. यंत्रं चुकतात, दुरुस्त होतात. लागलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी यंत्रणेत त्या रात्रीची नोंद शोधली. तापमान होतं, वेळ होती, हीट नंबर होता, पाळीचा क्रमांक होता. मामा जे बोलले ते कुठेच नव्हतं, कारण ते लिहायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. आमच्या हिशेबी कारखान्यातली सगळी माहिती तारेतूनच येत होती. तीस वर्षं रसाकडे बघणारा माणूस आमच्या लेखी फक्त लेडल तिरका करणारा हात होता.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जत्रेत पुढे आला. यंत्रं एकमेकांशी बोलतील, माल स्वतःची ओळख सांगेल, बिघाड होण्याआधी कळेल, अशी ती कल्पना. आपल्याकडे पुण्यात त्यासाठी केंद्र निघालं, लघुउद्योजकांची शिबिरं झाली, आणि त्यातून बऱ्याच जणांचं भलंही झालं. ते मी नाकारत नाही. बेअरिंग जायच्या आधी त्याची थरथर कळली तर कोणाला नको आहे? पण दहा वर्षांत युरोपालाच वाटू लागलं की यात कारखाना शहाणा झाला, माणूस कुठे राहिला? जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं ‘इंडस्ट्री ५.०’ या नावाचा दस्तऐवज काढला. त्यात तीन गोष्टी मागितल्या: उत्पादन माणसाला केंद्रस्थानी ठेवणारं हवं, निसर्गाला झेपणारं हवं आणि धक्का बसला तरी उभं राहणारं हवं. वाचायला सुरेख आहे. मात्र दस्तऐवजातला माणूस फार सफाईदार असतो. त्याला घाम येत नाही, त्याची बोली नसते, आणि तो “रस गार हाय” असं म्हणत नाही.

माणसाला केंद्रस्थानी ठेवायची गोष्ट जपानात फार आधी एका मागावर झाली होती. साकिची तोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे मागाशेजारी माणसाला डोळे ताणून उभं राहावं लागत नसे. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी आली. काही खटकलं की कुणीही ती ओढायची, आणि दोष सुटला नाही तर सगळी रांग थांबायची. इचलकरंजीच्या वाचकांना मागाची गोष्ट नवी नाही. त्या दोरीकडे मात्र मी पुन्हा पुन्हा बघायला सांगेन. तिला संगणक लागत नाही. साध्या कामगाराच्या म्हणण्यावर रांग थांबू द्यायची मालकाची तयारी लागते.

आता पापनाशम. तंजावरहून गाडीत बसलं की पापनाशम येतं, मग सुंदरपेरुमाळ कोविल, मग स्वामिमलै. तिरुप्पालत्तुरैच्या शिवमंदिरात विटांचं एक प्रचंड जुनं कोठार आहे. नायकांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं. त्यात तीन हजार कलम (हे तिथलं भाताचं माप) भात मावायचं असं सांगतात. ओटीवरची कणगी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. ही गावाची कणगी. तिच्या पायाशी उभं राहिलं की मान मागे टाकावी लागते. भिंतीला हात लावला तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि वीट गार होती. आत भात कोरडं राहावं म्हणून कुणीतरी भिंतीची जाडी आणि वरचा निमुळता आकार ठरवला असणार. त्याला तापमानाचा आकडा माहीत नसेल. भाताला काय हवं ते मात्र पक्कं माहीत होतं.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. माझे यजमान निवृत्त शिक्षक होते, घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. त्यांचं मराठी ऐकताना आजोळच्या एखाद्या थोरल्या आजोबांशी बोलतोय असं वाटायचं. पुढे जे ऐकलं ते बरंचसं त्यांनीच मला समजावून दिलं.

या खोऱ्याला आणखी एका कारणानं महत्त्व आहे. २०२० मध्ये तमिळनाडूनं कावेरीचं त्रिभुज खोरं कायद्यानं संरक्षित शेतीक्षेत्र ठरवलं. जस्त, तांबं, अ‍ॅल्युमिनियम वितळवणारे कारखाने, पोलादाचे प्रकल्प, तेल आणि वायूचं नवं उत्खनन, चामड्याचे कारखाने, जहाजं फोडण्याचा उद्योग, हे इथे नव्यानं येणार नाहीत असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे या जमिनीनं काय नको ते आधी सांगितलं. मग राहतं काय? भातगिरण्या, रेशमी माग, नाचियारकोविलच्या पितळी समया आणि स्वामिमलैचं ओतकाम. जिथे सगळंच करता येतं तिथे ‘शाश्वत’ हा शब्द जाहिरातीत जातो. इथे त्याला कुंपण आहे, म्हणून तो खरा तपासता येतो.

स्वामिमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या एका कारखान्यात मी तीन दिवस बसलो. फौंड्रीवाल्याला तिथे गेल्यावर घरी आल्यासारखं वाटतं आणि लगेच लाजही वाटते, कारण आपण जे पुस्तकात ‘इन्व्हेस्टमेंट कास्टिंग’ म्हणून शिकलो, ज्यानं आज विमानाच्या इंजिनाची पाती ओततात, ते इथे जमिनीवर मांडी घालून चाललेलं असतं. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र कढवतात. ते थंड झालं की त्याला बोटं देतील तो आकार येतो. मापाला पट्टी नाही. नारळाच्या झावळीची एक लांब पात मूर्तीच्या उंचीएवढी कापायची आणि घड्या घालत जायचं. ज्येष्ठ देवतेच्या मूर्तीचे उत्तम दशतालाप्रमाणे १२४ भाग होतात. डोळा किती भागांवर, नाभी किती भागांवर, हे घडीवरून कळतं. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, पात नवी, घड्या त्याच. आमच्याकडे ज्याला पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात आणि ज्याच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं लहान फौंड्रीला परवडत नाही, ते इथे झावळीत आहे आणि संध्याकाळी केरात जातं.

मेणाची मूर्ती झाली की तिच्यावर मातीचा पहिला हात. हा हात मी फार जवळून पाहिला. कावेरीच्या पात्रातली बारीक गाळमाती, त्यात जाळून कुटलेलं भाताचं तूस आणि शेण. स्थपतींनी, म्हणजे तिथल्या मूर्तिकारांनी, ती बोटाच्या टोकानं मूर्तीच्या पापणीवर लावली, इतक्या हलक्या हातानं की मेणावर ठसा उमटू नये. हवेचा एक बुडबुडा राहिला तर देवाच्या गालावर फोड येतो. माती सावलीत वाळते. मग दुसरा थर खाचरातल्या मातीचा, मग जाडसर वाळूचा, मग तारांनी बांधणं. शेणी पेटवून साचा तापवतात, मेण वाहून बाहेर येतं आणि भांड्यात गोळा होतं, पुढच्या मूर्तीसाठी. त्या पोकळीत पंचधातूचा रस जातो. साचा गार झाला की फोडतात, आणि माती जिथून आली तिथे जाते. एका साच्यात एकच मूर्ती. तुसाची राख मातीत का घालतात हे मी विचारलं. उत्तर आलं, साच्यानं श्वास घ्यायला हवा. आमच्या भाषेत वायू जायला वाट, म्हणजे पर्मिएबिलिटी. त्यांच्या शब्दात ती जिवंत आहे, एवढाच फरक.

रस ओतताना स्थपती बोलत नव्हते. बघत होते. मूस उचलली, मळी बाजूला सारली, आणि रसाचा रंग बदलेपर्यंत थांबले. मला मामा आठवले. तेच थांबणं, तीच मान. इथे मात्र सुपरवायझर नव्हता. ज्यानं पाहिलं त्यानंच ठरवलं.

हे सगळं सोन्यासारखं आहे म्हणून सोडून दिलं तर मी वाचकांशी खोटं बोललो असं होईल. पंचधातूत शिसं असतं. मुशीतून वर येणारा धूर छपराखाली साठत होता आणि तिथेच दोन पोरं फुंकणीजवळ उभी होती. छिन्नीकाम करणाऱ्या एका माणसाचा एक डोळा लाल होता. कण उडून गेला होता, म्हणाला, अधूनमधून होतं. भौगोलिक मानांकनानं ‘स्वामिमलै’ हे नाव राखलं आहे. त्या नावामागच्या फुप्फुसांना त्या कागदाचा उपयोग नाही. तरुण मुलं चेन्नईला किंवा आखातात जातात, आणि त्यांना नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही.

स्मार्ट यंत्रणा इथे कुठे लावायची, यावर माझं मत स्पष्ट झालं. धूर खेचणारा चांगला पंखा आणि त्याला जोडलेला, शिशाचा धूर वाढला की पंखा वाढवणारा संवेदक, डोळ्यावर धुकं न धरणारा चष्मा, मुशीला झाकण, उचलायला चेनपुली. माणसाच्या अंगाला जिथे दुखतं तिथे आधी. मेणावरचं बोट मात्र शेवटपर्यंत माणसाचं. उलट बाजारात काय येतंय? मूर्तीचं त्रिमितीय स्कॅन करून मेणाचा आकार छापणारी यंत्रं. तीही वाईट नाहीत. मोडलेल्या मूर्तीचा हात परत घडवायला किंवा शिकणाऱ्याला माप समजावायला फार उपयोगी. पण तो स्कॅन कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या हातातलं वळण एका फाइलीत जातं आणि फाइल दुसऱ्या शहरात राहते. या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात मी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे आणि काही वाचक त्यावरून माझ्याशी भांडतील. भांडावं.

याच तमिळनाडूत, कोइमतूरजवळ कणियूरला, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. तिथलं उत्पादन सगळं स्त्रिया सांभाळतात. तो कारखाना आठवला की किर्लोस्करवाडी आठवते, १९१० ची. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर जमिनीत विष कालवेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. ती मला नेहमी उद्योजकाच्या जिद्दीची म्हणून सांगितली गेली. आता ती वाचताना वाटतं, नांगर धरणाऱ्याची शंका ऐकून घेऊन त्याच्या बांधावर जाऊन उत्तर द्यावं लागलं, ही त्यातली खरी कारागिरी आहे.

पापनाशमकडे परत येऊ, कारण इथलं मोठं उत्पादन मूर्ती नव्हे, भात आहे. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजानं १२ जूनला सुटतं. कुरुवै हे भाताचं पीक कापणीला येतं तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर असतो. सरकारी खरेदी केंद्रावर भातात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे सवलत मागावी लागते. मी गेलो तेव्हा रस्त्याच्या निम्म्या रुंदीवर भात पसरलेलं होतं आणि बस उरलेल्या निम्म्यातून जात होती. केंद्रावर एका शेतकऱ्यानं दाणा दातात धरला, कटकन आवाज आला नाही, आणि त्यानं स्वतःच मान हलवली. मग मीटर लावला. एकोणीस. मीटर खरं बोलत होता, शेतकऱ्यालाही ते आधीच माहीत होतं. आकाश भरून आलं होतं. मोजणं स्वस्त झालं आहे, वाळवणं झालेलं नाही. त्या केंद्रावर मीटरच्या जोडीला तुसावर चालणारा ड्रायर असता तर त्या मीटरला अर्थ होता. नुसता मीटर म्हणजे आजाऱ्याला थर्मामीटर लावून घरी पाठवणं.

या प्रश्नाला इथे एकदा फार चांगलं उत्तर मिळालं होतं. १९६७ च्या सुमारास तिरुवारूरला तंजावर सहकारी पणन संघाच्या भातगिरणीत एक प्रयोगशाळा निघाली. म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांनी तिथे पावसात भिजलेल्या भाताचं काय करायचं हा एकच प्रश्न धरला. त्यातून जी रीत निघाली तिच्यात मीठ आणि तूस एवढंच सामान होतं. मीठ ओलावा ओढतं, दाण्याला मोड येत नाही, आणि शेतकऱ्याला ऊन पडेपर्यंतचे दिवस मिळतात. तीच प्रयोगशाळा वाढत वाढत आज तंजावरची राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था झाली आहे. मीठ आणि तूस! जे खळ्यावर पडलेलं आहे त्यातूनच उत्तर काढायचं, ही बुद्धी मला कुठल्याही महागड्या पडद्यापेक्षा मोठी वाटते.

तूस म्हणजे थोडकी गोष्ट नाही. शंभर किलो भातात वीसेक किलो तूस असतं. ते गिरणीच्या बॉयलरमध्ये जाळून उकड्या तांदळाची वाफ तयार होते. जळलं की चारेक किलो राख उरते, बहुतेक सगळी सिलिका. हीच राख विटांत जाते, सिमेंटात जाते. स्थपतींच्या पहिल्या हातातलं तूसही इथलंच.

आणि भात कांडणाऱ्या बायका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. मेणावरून मूर्ती कशी ओतायची, मेणाच्या वजनावरून धातूचं वजन कसं काढायचं, हे त्यात आहे. त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशीही नोंद आहे. मराठी ओवीच्या इतिहासात ती नोंद सगळ्यांना ठाऊक आहे. ओतकामाची फौंड्रीवाल्यांना ठाऊक नाही. ओतारी आणि कांडणारीण एकाच पुस्तकात बसले आहेत, हे मला स्वामिमलैहून परतताना गाडीत सुचलं आणि मी वही काढली. राजानं एका ठिकाणी माप टिपलं, दुसऱ्या ठिकाणी गाणं. काम करणाऱ्याचं म्हणणं नोंदीत आलं.

मुसळ गेलं, गिरणी आली. हातसडीचा धंदा टिकावा म्हणून १९५८ मध्ये भातगिरण्यांवर परवान्याचा केंद्रीय कायदा झाला. तो १९९७ मध्ये रद्द झाला. माझं मत असं की त्या काळात मुसळ राखायचा विचार झाला, मुसळ उचलणाऱ्या खांद्यांचा झाला नाही. हलकं, कमी दमवणारं कांडणयंत्र प्रत्येक गावात गेलं असतं तर चित्र निराळं दिसलं असतं. उकड्या तांदळाच्या गिरणीत नंतर बायका खळ्यावर आल्या. वाफाळलेलं भात उन्हात पसरायचं आणि अनवाणी पायांनी ओळी काढत उलटत राहायचं, तासन् तास. आता तिथे ड्रायर बसले. निवडायला रंग ओळखणारी यंत्रं आली: दाणे कॅमेऱ्यासमोरून धारेनं पडतात आणि काळा दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला उडतो.

एका गिरणीत मी त्या यंत्राच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिलो. फुंकर इतकी नेमकी की शेजारचा पांढरा दाणा हलत नव्हता. जवळच पूर्वी सुपानं निवडणारी एक बाई झाडलोट करत होती. यजमानांनी तिला विचारलं, यंत्र कसं वाटतं? ती म्हणाली, पाय भाजत नाहीत आता, ते बरं झालं. मग म्हणाली, यंत्र काळा दाणा फेकतं, पण काळे दाणे वाढले म्हणजे पोत्यात पाणी शिरलंय, हे ते कुणाला सांगतं? मी सांगायचे. मी यजमानांना ते वाक्य पुन्हा विचारलं, तमिळमध्ये आणि मराठीत, दोनदा. ते इथे तसंच्या तसं दिलं आहे.

तंजावरचा आणखी एक माणूस या पुस्तकाच्या मुळाशी आहे. जे. सी. कुमारप्पा. जन्म तंजावरचा, ४ जानेवारी १८९२. लंडनला हिशेबतपासनीस झाले, मुंबईत पेढी चालवली, कोलंबियात अर्थशास्त्र शिकले, आणि मग उरलेलं उमेदीचं आयुष्य वर्ध्याच्या मगनवाडीत घातलं. डिसेंबर १९३४ मध्ये निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांच्याकडे होता. हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप, ही सगळी तिथली कामं. दिव्याचा बर्नर सुधारणं आणि घाणीचं लाकूड बदलून बैलाचा भार कमी करणं, हे तिथे संशोधन होतं. १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकाआधी आणि नंतरही त्यांनी एक भेद पुन्हा पुन्हा मांडला. खाणीतला कोळसा आणि तेल म्हणजे साठा. खर्चला की संपला, आणि त्याच्यावरून माणसं लढतात. नदी, जंगल, पीक म्हणजे प्रवाह. त्यातून ओंजळ घेतली तर तो पुन्हा भरतो. कावेरीकाठी जन्मलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगाच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते लिहिलं. वर्ध्याचं मगन संग्रहालय आजही आहे. कारखान्याच्या सहली मोठमोठे प्रकल्प बघायला जातात, एकदा तिथे न्या.

कुमारप्पांशी माझं सगळं पटत नाही. मोठ्या यंत्राबद्दल त्यांना जी भीती होती ती मला नाही. इंडक्शन भट्टीवर पोट भरलेला मी माणूस आहे. जुन्या क्युपोला भट्टीच्या धुरात काम केलेल्यांना विचारा, विजेची भट्टी आल्यावर खोकला किती कमी झाला. पण वस्तूची किंमत करताना तिच्यात कुणाचं किती अंग गेलं ते मोजा, हा त्यांचा आग्रह मी घेतला आहे आणि प्रत्येक प्रकरणात तो वापरला आहे.

म्हणून या पुस्तकात यंत्रांची यादी सापडणार नाही. संवेदक कुठला घ्यावा, जोडणी कशी करावी, वीजबिल कसं उतरवावं हे आहे, भरपूर आहे. वाळू परत वापरण्याची तीन प्रकरणं आहेत, कारण फौंड्रीतून बाहेर पडणारी जळकी वाळू ओढ्याकाठी किती साठली आहे ते मी रोज बघतो. पण प्रत्येक ठिकाणी आधी विचारलं आहे की या कामाजवळ उभा असलेला माणूस काय सांगतो, आणि त्याचं सांगणं यंत्रणेत कसं शिरेल. इचलकरंजीच्या एका यंत्रमागावर आम्ही पडद्याऐवजी एक पिवळं बटण लावलं. आवाज बदलला की विणकरानं ते दाबायचं, कारण नंतर सांगायचं. महिन्याभरात त्या नोंदी बेअरिंगच्या संवेदकापेक्षा लवकर येऊ लागल्या. तो तपशील सातव्या प्रकरणात आहे, आकड्यांसकट, आणि बटण जिथे फसलं तेही.

ज्यांनी कारखान्यात येऊ दिलं, नोंदी बघू दिल्या, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेनं इथे नाहीत. पापनाशमच्या यजमानांनी रात्री जागून माझ्या टिपणांतले तमिळ शब्द तपासले. स्थपतींनी निघताना घड्या घातलेली झावळीची एक पात दिली. ती वाळून तपकिरी झाली आहे, माझ्या टेबलावर आहे.

मामा आता निवृत्त आहेत. त्यांच्या जागी जो मुलगा आला त्याच्याकडे लेडलशेजारी एक वही लटकवलेली आहे, पेन सुतळीनं बांधलेलं. पडद्याचा आकडा एका रकान्यात, आणि दुसऱ्यात त्याला काय दिसलं ते, त्याच्या शब्दांत. ‘साय’, ‘जड’, ‘फुलतोय’, ‘आज झकास’. दोन्ही जुळले नाहीत तर ओतायचं नाही, टिप बदलून पुन्हा मोजायचं. हे ठरवायचा अधिकार त्याचा. त्या वहीच्या पानाचा कोरा नमुना पुस्तकाच्या शेवटी छापला आहे. झेरॉक्स काढून भट्टीजवळ टांगावा. दुसरा रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे.